आधी आयका

माझ्या पक्षीनोंदींच्या वहीत जानेवारी २०१६ च्या एका पानावर चारच नोंदी आहेत. कोतवाल, बुलबुल, तांबट आणि चौथ्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. आंबोलीच्या जंगलात सकाळी साडेसहा ते नऊ, अडीच तास, आणि कमाई एवढीच. त्यातला तांबटसुद्धा चूक होता, पण ते कळायला वर्ष गेलं.

तोवर मी स्वतःला बऱ्यापैकी पक्षीनिरीक्षक समजत होते. सहा वर्षं तळ्याकाठी आणि माळरानावर हिंडून दीडशेच्या वर जाती वहीत जमवल्या होत्या. पण तळ्यावरचं बदक समोर पोहत असतं. पुस्तक उघडा, पानं उलटा, पुन्हा मान वर करा, ते तिथंच. शेकाट्या तर आपले लांब लाल पाय दाखवायलाच उभा असतो. माळावरचा खाटीक काटेरी झुडपाच्या शेंड्यावर अर्धा तास बसून राहतो. ओळखण्याचं निम्मं काम तेच करून देत होते आणि श्रेय मी घेत होते.

घनदाट सदाहरित जंगलात यातलं काहीच मिळत नाही. झाडांचं छत पंचवीस-तीस मीटर उंच. खालून दिसतं ते पक्ष्याचं पोट, आणि त्याच्यामागे पांढरं आभाळ. हिरवा पक्षी काळा दिसतो, निळा काळा दिसतो, तांबडाही काळाच. दहा मिनिटांत मान अवघडते. एखादं पान हलतं म्हणून दुर्बीण तिकडे वळवावी तर पक्षी गेलेला असतो, आणि पानच हलत राहतं.

माझ्या दुर्बिणीनेही दगा दिला. दगा कसला, माझंच गणित कच्चं. तिच्यावर १० × २५ असं लिहिलेलं होतं. म्हणजे दहा पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग २५ मिलिमीटरचं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते; माझी अडीच मिलिमीटर. उन्हात डोळ्याची बाहुली तेवढीच आकसलेली असते, त्यामुळे तळ्यावर कधी काही जाणवलं नाही. जंगलातल्या अंधूक उजेडात बाहुली पाच मिलिमीटरच्या आसपास उघडते आणि दुर्बीण तिला निम्मीच जाडी पुरवते. पुढे ८ × ४२ घेतली तेव्हा हा झोत सव्वापाच मिलिमीटरचा झाला. दोन पटी गमावल्या, पण त्या काळ्या आकृत्यांना पहिल्यांदा रंग आले. शिवाय आठ पटीत दिसणारं क्षेत्र रुंद असतं, पानांच्या गर्दीत पक्षी सापडतो तरी. कोणी विचारलं तर मी हे एवढंच सांगते, बाकी कंपनी कुठलीही घ्या.

त्या पहिल्या सकाळी बरोबर तिथले एक वाटाडे होते. मी त्यांना काका म्हणायचे. मी दर मिनिटाला दुर्बीण उचलत होते आणि ते हात मागे बांधून, मान खाली घालून चालत होते. मला वाटलं कंटाळलेत. परत फिरताना त्यांनी सहज त्यांना ‘मिळालेले’ पक्षी सांगितले. एकवीस! त्यांच्याकडे दुर्बीणही नव्हती. मी बघत राहिले तेव्हा हसून म्हणाले, “ताई, बघूची घाई कित्याक? आधी आयका.”

ऐकायला शिकणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मी सगळं एकदम शिकायला गेले. झेनो-कँटो नावाचं संकेतस्थळ २००५ पासून आहे, जगभरातले लोक तिथं पक्ष्यांचे आवाज ठेवतात आणि ते कुणालाही ऐकता येतात. तिथून सह्याद्रीतल्या साठ पक्ष्यांचे आवाज उतरवून घेतले आणि रात्री झोपताना ऐकू लागले. आठवड्याने डोक्यात नुसता कलकलाट. मग आठवड्याला तीनच आवाज घ्यायचे ठरवलं, आणि प्रत्येक आवाज स्वतःच्या कानाला जसा येतो तसा वहीत उतरवायचा. इंग्रजी पुस्तकांतले उच्चार माझ्या कधीच कामी आले नव्हते. देवनागरीत ते जमलं. आपल्याकडे ट आणि ठ वेगळे आहेत, ळ आहे, अर्धा र आहे, अनुस्वार आहे. पाचू होल्याचा खोल घुमारा ‘हूंऽ’ लिहिला की त्यातला नाकातला भागही कागदावर येतो. तसं आपल्या भाषेनं हे काम फार आधीपासून केलेलंच आहे. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो, तांबट तांब्याच्या भांड्यावर ठोके मारतो, आणि कुटुर्गा तर नावातच ओरडतो.

माझा पहिला तांबट खोडला गेला तो कुटुर्ग्याच्या एका भाऊबंदामुळे. पण आधी कुटुर्गा. कुटुर्गा हा तांबटाचाच मोठा भाऊबंद, अंगानं हिरवा, गालावर पांढरा पट्टा. सह्याद्रीतल्या जंगलात दिवसभर कानावर येणारा ‘कुट्रू-कुट्रू-कुट्रू’ त्याचाच. सुरुवातीला बऱ्याचदा एक ‘ट्र्र्र’ असा घरघराट असतो, मग गाडी चालू होते. हे ओळखायला आठवड्याभरात जमलं. पण त्या पहिल्या दिवशी मी ‘टुक टुक टुक’ ऐकून तांबट लिहिला होता. गावातल्या पिंपळावरचा तांबट संथपणे ठोके टाकतो. इथले ठोके मऊ होते आणि भराभर पडत होते. ते ठोके टाकणारा मलबारी तांबट. त्याचं तोंड, गळा आणि छातीचा वरचा भाग लाल, आणि तो फक्त पश्चिम घाटातच सापडतो. तेव्हा वेगातला फरक कानाने टिपला होता, कारण वहीत ‘जलद’ असा शब्द आहे. पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. वर्षभराने तो पक्षी ठोके देताना डोळ्यांनी पाहिला तेव्हा मागचं पान काढून दुरुस्ती केली.

कानाला थोडी सवय लागल्यावर पुढचा धडा मिश्र थव्याचा. उष्णकटिबंधातल्या जंगलात नवख्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथंच होते. चाळीस-पन्नास मिनिटं जंगल रिकामं असतं. एक पक्षी नाही. मग कुठून तरी चर्चर ऐकू येते आणि बघता बघता सगळी झाडं पक्ष्यांनी भरतात. दहा-बारा जाती एकत्र चरत येतात, डोक्यावरून जातात आणि पाच मिनिटांत पुन्हा शुकशुकाट. पहिल्या तीन थव्यांत मी प्रत्येक पक्ष्यामागे दुर्बीण फिरवली आणि प्रत्येक वेळी एकही धड पाहिला नाही.

एकत्र फिरण्यात त्यांचा फायदा असतो. जास्त डोळे म्हणजे शिकऱ्यासारखा शिकारी पक्षी लवकर दिसतो. शिवाय एकाने पानं हलवली की उडालेले किडे दुसऱ्याला मिळतात. पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि ते कळल्यावर माझं काम सोपं झालं. खालच्या झुडपांत तपकिरी गालाचा फुल्वेटा, साधा मातकट पक्षी, पण थव्याला बांधून ठेवणारा तोच. ती चर्चर बहुतेक त्याचीच असते. मधल्या फांद्यांवर निळा मोनार्क, शेपटी पसरवत. त्याच्या थोडं वर, उघड्या फांदीवर पहारा दिल्यासारखा भृंगराज कोतवाल. खोडावर उलटं डोकं करून खाली उतरणारी, लाल चोचीची शिलींध्री. बारीक फांद्यांवर टकटक करणारा एवढासा सुतार दिसला आणि त्याची शेपटी तोडल्यासारखी आखूड असली, तर तो हृदयाच्या आकाराचे ठिपके अंगावर असलेला. शेंड्यावर निखार आणि हिवाळ्यात पाहुणे आलेले वटवटे. आता मी थवा आला की एकच मजला धरते आणि बाकीचे सोडून देते. सोडून देणं जड जातं. पण तीन पक्षी नीट पाहिले की चौथा कुठे असणार याचा अंदाज आपोआप येतो.

निखारांनी मला छान फसवलं होतं. शेंड्यावर चार नारिंगी-लाल आणि पाच पिवळे पक्षी बघून मी दोन जाती लिहिल्या आणि त्या दिवशी फार खूश होते. नर लाल, मादी पिवळी, एवढं साधं. पुस्तकात दोघांची चित्रं एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेली होती, मी लालच्यापुढे बघितलंच नव्हतं.

कोतवालांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. भृंगराजाची ओळख सगळ्यांना ठाऊक असते: शेपटीच्या दोन टोकांना लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांची पानं. उडताना वाटतं दोन भुंगे मागे लागलेत. पण पिसं झडण्याच्या काळात या तारा नसतात, कधी एकच असते, कधी तुटलेली. अशा वेळी उरतो एक काळा कोतवाल. आणि जंगलात काळे कोतवाल तीन-चार प्रकारचे. माझ्या वहीत एके काळी कांस्य कोतवाल संशयास्पद प्रमाणात वाढले होते. काकांनी मला कपाळाकडे बघायला लावलं. भृंगराजाच्या चोचीच्या वर पिसांचा झुबका असतो, आणि तो अंगानेही चांगला मोठा. सगळ्यात ठळक खूण म्हणून जी शिकवली जाते तीच जाग्यावर नसली तर काय बघायचं, हे मी त्याच्याकडून शिकले.

हिरवट वटवट्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगण्याएवढं मला येत नाही. बोटभर लांब, पाठीला हिरवट, पोटाला पांढुरके, पंखावर एखादी फिकट रेघ. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्यात येतात. कॉकेशसकडून येणारा एक, मध्य आशियातून येणारा दुसरा, आणि दोघं एकाच झाडावर. रेघेवरून भांडणारे भांडोत. मी आवाजावर जाते: दोन तुकड्यांत ‘चि-लिप’ म्हणाला तर मध्य आशियातला, तीन तुकडे पडले तर कॉकेशसचा. गप्प राहिला तर ‘वटवट्या, जात अनिश्चित’. हे दोन शब्द लिहायला मला तीन हिवाळे लागले. त्याआधीच्या सगळ्या नोंदी छातीठोक आहेत आणि त्यातली एकही मी आज मान्य करणार नाही.

आता कर्ण्याचं सांगायला हवं, आणि त्यात माझं वागणं काही अभिमानाचं नाही.

मलबारी कर्ण्याच्या नराचं डोकं काळं, पोट लालभडक, मध्ये पांढरा पट्टा. पाठ मात्र साधी तपकिरी. ताठ बसतो, हलत नाही, आणि माणूस दिसला की शांतपणे पाठ फिरवतो. लाल रंग झाकला जातो आणि समोर उरते सुकलेल्या पानाच्या रंगाची एक वस्तू. तीन वर्षं त्याचा ‘क्याव, क्याव, क्याव’ असा मऊ, एका लयीतला आवाज मी ऐकत होते, पक्षी दिसत नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये मी तिलारी खोऱ्यात एकटीच होते. वैतागून फोन काढला आणि त्याचाच आवाज लावला. दोन मिनिटांत नर आला. माझ्यापासून दहा मीटरवर बसला, पाठ न फिरवता. मी भरपूर फोटो काढले. आवाज पुन्हा लावला, तो पुन्हा जवळ आला. असं अर्धा तास.

निघताना वाटेच्या कडेला एक कुजलेलं खोड दिसलं, छातीएवढ्या उंचीचं, त्यात नुकतंच कोरलेलं भोक. खाली भुसा सांडलेला. कर्णा अशाच मऊ खोडात घर कोरतो आणि फेब्रुवारी ते मे हाच त्याचा हंगाम, हे मला वाचून माहीत होतं. माहीत असून आठवलं नव्हतं.

काकांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी आधी छान म्हटलं. मग मी फोनचं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तो तुमका भेटाक नाय इल्लो. भांडाक इल्लो.”

ते फोटो माझ्याकडे आहेत, कुणाला दाखवत नाही. त्यानंतर जंगलात आवाज लावलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात कर्णा रीतसर भेटला तो आवाजाच्या दिशेनं वीस मिनिटं नुसतं उभं राहिल्यावर. मी पक्षी शोधतच नव्हते. वेलींच्या जाळ्यात एकच रेघ अशी होती की ती सरळ खाली लोंबत होती आणि टोकाला चौकोनी कापलेली होती. वेल अशी संपत नाही. ती शेपटी होती. मग मादी दिसली, पोटाला गव्हाळ, आणि तिच्यावरच्या फांदीवर नर. पाठ करून बसलेला, अर्थात.

पावसाळ्यातल्या फेऱ्यांबद्दल लोक विचारतात. आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुर्बिणीची भिंगं आतून धुरकट होतात, वही फुगते, जळवा मोज्यांत शिरतात. पण जून सुरू होताना नवरंग पक्षी येऊन पोचलेला असतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. शीळकरी कस्तूर अंधार असतानाच गायला लागतो. कुणीतरी वाट चुकलेला माणूस आपल्याच नादात शीळ घालत चाललाय असं वाटतं, सूर लागतो आणि मध्येच सुटतो. खाली कोकणात ओढ्याकाठच्या मातीच्या कडेला तिबोटी खंड्या बीळ करतो. जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरचा पक्षी, आणि एवढ्याशा अंगावर जांभळा, निळा, पिवळा, नारिंगी सगळं कोंबलेलं. त्याला ओळखायला काही कौशल्य लागत नाही, त्यामुळे इथं मी त्याच्यावर वेळ घालवत नाही. बिळाजवळ गर्दी करणाऱ्या फोटोवाल्यांवर घालवला असता, पण कर्ण्याचं सांगून झाल्यावर माझं तोंड बंद आहे.

दिसले नाहीत आणि ओरडलेही नाहीत तरी काही पक्षी कळतात, हा एक वेगळाच आनंद. महाधनेश डोक्यावरून जातो तेव्हा ‘हुफ, हुफ’ असा वाफेच्या इंजिनासारखा आवाज येतो. तो गळ्यातला नव्हे, पंखांचा. पंखाखालची झाकणारी पिसं तोकडी असल्यामुळे मोठ्या पिसांमधून हवा आवाज करत निसटते. तिलारीत दाट धुक्यात मी तो एकदा ऐकला. पक्षी दिसला नाही. वहीत नाव मात्र न कचरता लिहिलं.

एव्हाना माझा कानावर चांगलाच विश्वास बसला होता. जंगलातल्या माझ्या नोंदी दीडशेच्या घरात गेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक कानाच्या. सर्पगरुडाची तीन तुकड्यांची शीळ, ‘क्लूई-विप-विप’, तर मी झोपेतही ओळखली असती. गरुड वर घिरट्या घालत असतो, झाडांच्या छतामुळे दिसत नाही, आवाज येतो, नोंद होते. त्यात काही अवघड नव्हतं.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये काका आणि मी एका थव्याखाली उभे होतो. वरून सर्पगरुडाची शीळ आली आणि थव्यातले पक्षी क्षणभर जागीच थिजले. मी वही काढली. आवाज ऐकून नाव सुचवणारं ॲप मी अलीकडे पडताळ्यासाठी चालू ठेवते, त्यानंही सर्पगरुडच दाखवला. काकांनी माझ्या हाताला धरून मला दोन पावलं डावीकडे सरकवलं आणि वर बोट केलं. उघड्या फांदीवर भृंगराज बसला होता. त्याने चोच उघडली, आणि सर्पगरुड ओरडला. मग तोच पक्षी शिकऱ्यासारखा किंचाळला, मग फुल्वेट्यासारखी चर्चर केली, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या आवाजात दोन सूर लावले.

भृंगराज नकला करतो हे मी वाचलं होतं. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात तर यावर प्रयोगही झाले आहेत. तिथं तो थव्यातल्या इतर जातींचे आवाज काढतो आणि ते ऐकून पक्षी त्याच्याभोवती जमतात. जमले की किडे उडतात, आणि याचं पोट भरतं. शिकारी पक्ष्याची हाळी देऊन घाबरलेल्याच्या तोंडचा घास पळवतो असंही वाचलं होतं. वाचलं होतं, पण माझ्या वहीतल्या गरुडांशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

“काका, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“होतां की.”

“मग ‘आधी आयका’ म्हणालात ते?”

“आधी म्हटलंय,” ते म्हणाले. “मगे बघू नका असां खंय म्हटलंय?”

त्या रात्री सगळ्या वह्या काढून बसले. सात हिवाळ्यांत जंगलातला सर्पगरुड एकोणीस वेळा लिहिलेला होता. त्यातल्या सहा नोंदींपुढे ‘दिसला’ असं होतं. एका ठिकाणी ‘खोडावर बसून साप खात होता’ असंही होतं, तो नक्की गरुडच. उरलेल्या तेरांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हं केली. मग पानं चाळताना लक्षात आलं की तेरांपैकी नऊ दिवशी, त्याच वेळेला, दोन ओळी खाली किंवा वर, भृंगराज कोतवाल लिहिलेला आहे.